आप्पांच्या कपाळावरचा गुलाल

‘हात वर करा’ हे आमच्या भागात पोलिसांपेक्षा ग्रामसेवक जास्त वेळा म्हणतो. ग्रामसभा असो, सोसायटीची वार्षिक सभा असो, सरपंचाची निवड असो, ठराव वाचून झाला की तो चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, हात वर करा. मग हात वर जातात. कुणाचा गेला, कुणाचा अर्धाच गेला, कुणी डोकं खाजवायचं निमित्त करून वर नेलेला खाली आणला, हे सगळं गाव बघत असतं. ज्याच्या रानात तुम्ही खुरपता तो समोर बसलेला असतो आणि त्याचा हात पहिला वर गेलेला असतो. मी तेव्हा एका पत्रकात लिहिलं होतं की ही लोकशाही नाही, ही हजेरी आहे. आजही एक अक्षर बदलणार नाही.

मी दौंडचा. रेल्वेच्या चाळीत वाढलो, वडील लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे कामगार. आणीबाणी उठली, निवडणूक झाली, दिल्लीतलं सरकार पडलं आणि स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात बसून लोक एकमेकांना सांगू लागले की लोकशाही वाचली. मला या बोलण्याचा राग यायचा. वाचली असेल तर ती आमच्या वस्त्यांत कुठं दिसत होती? नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांतून आम्ही काही जणांनी एक समिती केली होती. त्यात बौद्धवाड्यांची माणसं होती, मांगवाड्यांतली होती, दोन-तीन रामोशी होते. प्रत्येक वस्तीनं आपला एक माणूस निवडून पाठवायचा, असा रिवाज. मी तिथं पत्रकं लिहायला होतो. दौंडातल्या एका छापखान्यात ती छापायची, पिशवीत भरायची, एसटीनं नदीच्या फाट्यावर उतरायचं आणि होडीनं पलीकडं शिरूर तालुक्यात जायचं.

पलीकडं माझ्या आत्याचं गाव. मांडवगण फराट्याच्या बाजारात जाणाऱ्या गाड्या त्या गावावरून जायच्या, एवढंच सांगतो. तिच्या वस्तीनं समितीवर पाठवलेला माणूस म्हणजे आप्पा.

आप्पा आत्याचे चुलत दीर. अंगानं वाळलेले, बोलणं कमी. वस्तीत दोन भावांचं भांडण झालं, कुणाची शेळी कुणाच्या परसात शिरली, कुणी उसनं नेलेलं परत केलं नाही, की लोक आप्पांकडं जायचे. आप्पा दोघांचं ऐकायचे आणि एक वाक्य बोलायचे. ‘आप्पा म्हनलं म्हंजी झालं,’ असं म्हणून लोक उठायचे. त्यांच्याकडं जमीन नव्हती, शिक्षण नव्हतं, घराला धड कौलंही नव्हती. होता तो एवढा शब्द. आणि सालगडी म्हणून ते ज्याच्या उसात राबायचे, तो गावातला सोसायटीचा चेअरमन.

मी गेलो की आप्पा मला म्हणायचे, “आलं का विंजान दौंडचं? आज कोळसा किती भरलाय?” वस्तीतली सगळीच मला इंजिन म्हणायची, कारण मी बोलायला लागलो की थांबत नसे.

आमची मागणी फार मोठी नव्हती. गावची ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरायची. आमच्या लोकांना पूर्वी त्या पायऱ्या चढू देत नव्हते. नंतर धर्म बदलला आणि आमच्या लोकांनीच त्या पायऱ्या चढायचं सोडलं. त्यामुळं ग्रामसभा वर मंडपात आणि आमची वस्ती खाली धुळीत. वर काय ठरतंय ते ऐकू येत नसे. ‘हात वर करा’ तेवढं ऐकू यायचं, कारण ते मोठ्यानं म्हणायचे. आमच्या माणसांनी हात वर केले तरी ग्रामसेवक मंडपाच्या कडेपर्यंतचे हात मोजून थांबायचा. आमचं म्हणणं एवढंच होतं की सभा शाळेच्या पटांगणात घ्या. तिथं देव नाही, पायरी नाही, सगळ्यांनी एका पातळीवर बसायचं.

हे मान्य करणारा एकच माणूस सरपंचपदाला उभा राहायला तयार होता. निवृत्त मास्तर, चेअरमनच्याच भावकीतले, थोडीशी जमीन असलेले, बोलायला गोड. समोर उभे होते स्वतः चेअरमन. सोसायटी त्यांच्या हातात होतीच, आता पंचायतही हवी होती. सरपंच सदस्यांमधून निवडायचा. सदस्य नऊ. मास्तरांनी हिशेब सांगितला की चार जण आपले आणि राखीव जागेवरून निवडून आलेले आप्पा पाचवे. आप्पांचं मत ज्याला, तो सरपंच.

पण चेअरमनसमोर त्यांचाच सालगडी हात वर करणार कसा? मी तहसीलमधल्या ओळखीच्या एका कारकुनाकडून नियम समजून घेतला. मतदान हात वर करून व्हायचं, पण एखाद्या सदस्यानं मागणी केली तर ते चिठ्ठीनं, गुप्त घ्यावं लागायचं. हा नियम मला सापडला त्या दिवशी मी होडीत उभा राहून आलो, बसवतच नव्हतं.

आत्याच्या ओसरीवर आप्पांना सगळं समजावून सांगितलं. ते बिडी न पेटवता बोटांत फिरवत होते.

“मागायचं कसं?” त्यांनी विचारलं.

“उभं राहायचं आणि म्हणायचं, मला गुप्त मतदान पाहिजे.”

“मोठ्यानं?”

“मोठ्यानं.”

आत्या चुलीपुढून म्हणाली, “म्हंजी गुपचूप मत द्यायचंय, हे समद्या गावाला वरडून सांगायचं. झ्याक हाय की तुमचा कायदा.”

मी म्हणालो, “आत्या, तू भाकरी बघ.”

“भाकरीच बघतीय. तुझ्यासाठीच थापतीय.”

आप्पा हसले नाहीत. “आन् चिठ्ठी लिहिली की ती कुनाला दावायची?”

“कुणालाच नाही. दाखवली तर मत बाद.”

“मास्तरला बी न्हाई?”

“नाही.”

“तुला?”

“मलाही नाही, आप्पा. हेच तर त्याचं बळ आहे. चेअरमनला कळणारच नाही.”

“चेअरमनला कळनार न्हाई. मंग वस्तीला तरी कसं कळनार, म्या कुनाला दिलं ते?”

“वस्तीला कळायची गरजच काय? आमचा तुमच्यावर विश्वास आहे.”

आप्पा म्हणाले, “तुझा आसंल. तू दौंडला ऱ्हातोस.”

मी त्यावर बरंच बोललो. मतदाराचं स्वातंत्र्य, दडपण, भीती, सगळं. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि शेवटी बिडी पेटवली. “बरं,” म्हणाले. “मागतो.”

निवडीच्या दिवशी पंचायतीच्या खोलीत नऊ सदस्य, शिरूरहून आलेले अधिकारी आणि ग्रामसेवक. आम्ही बाहेर. खिडक्यांना गज होते आणि प्रत्येक गजाला दोन-दोन हात. आमच्या वस्तीतली माणसं एका खिडकीशी, चेअरमनची माणसं दुसऱ्या. त्यांच्याकडं गुलालाचं पोतं आधीच येऊन पडलं होतं.

ग्रामसेवकानं नावं वाचली आणि सवयीनं म्हणाला, “हात वर करा.”

आप्पा उठले. त्या खोलीत ते नेहमी दाराजवळच्या बाकावर बसायचे, भिंतीला पाठ न लावता. उभे राहिले आणि म्हणाले, “मला गुप्त मतदान पायजे.”

चेअरमन हसले. “का रं? कुनाचं भ्या वाटतंय तुला?”

“भ्या न्हाई. नियम हाय.”

“आरं वा. नियम कवापास्नं शिकलास? विंजानानं शिकवला का?” चेअरमननी खिडकीकडं बघितलं. मला बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

अधिकारी कंटाळलेला होता, पण माणूस नियमाचा होता. त्यानं कागद फाडून चिठ्ठ्या केल्या. एकेक सदस्य कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला, पाठ करून खूण केली, घडी घातली, डब्यात टाकली. आप्पा शेवटून दुसरे गेले. खूण करायला त्यांना वेळ लागला. टाक धरायची सवय नव्हती. घडी घालून त्यांनी चिठ्ठी डब्यात टाकली आणि खिडकीकडं न बघता जागेवर बसले. मला त्या क्षणी वाटलं होतं की गावच्या इतिहासात पहिल्यांदा एका सालगड्यानं मालकाकडं पाठ करून मत दिलं. हे वाक्य मी मनात पत्रकासाठी जुळवूनही ठेवलं होतं.

चिठ्ठ्या उघडल्या. चेअरमनना पाच, मास्तरांना चार.

मास्तरांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. आमच्या पाचांतला एक फुटला होता. मास्तरांच्या चारांमध्ये त्यांचा एक चुलत भाऊ होता, एक सोसायटीचा थकबाकीदार होता, एकाच्या विहिरीवर त्या वर्षी वीज यायची होती, आणि एक ते स्वतः. कुणीही फुटलं असेल. पण बाकीच्या आठही सदस्यांनी आणि खिडकीच्या गजांना धरलेल्या सगळ्यांनी एकाच माणसाकडं बघितलं. चेअरमनच्या उसात राबणारा त्या खोलीत एकच होता, आणि चिठ्ठी लपवायची मागणीही त्यानंच केली होती.

बाहेर हलगी वाजायला लागली. चेअरमन दारात आले, डोक्यापासून पायापर्यंत लाल झाले. मग त्यांनी मूठभर गुलाल घेतला आणि वळले. आप्पा मागच्या मागं निघून चालले होते. चेअरमननी त्यांना हाक मारली.

“आप्पा.”

आयुष्यात त्या माणसानं त्यांना आप्पा म्हटलं नव्हतं. ए, अरे, नाहीतर नुसतं नाव. हलगीवाला थांबला.

“आप्पा, कुठं चाललात? तुमी लाज राखलीत आमची.” आणि सगळ्या गावादेखत, आमच्या वस्तीच्या माणसांदेखत त्यांनी आप्पांच्या कपाळावर गुलाल लावला. चांगला दाबून, या कानापासून त्या कानापर्यंत.

चेअरमनना खरोखर तसं वाटलं होतं, की आप्पांनी आपल्याला मत दिलं नाही हे पक्कं माहीत असूनच त्यांनी ते केलं? मी दुसरं मानतो. ज्यानं त्यांना मत विकलं तो कोण, हे त्यांना माहीत असणारच. त्याला झाकायचंही होतं आणि उभं राहून नियम सांगणाऱ्या सालगड्याला धडाही द्यायचा होता. दोन्ही कामं एका मुठीत झाली.

आप्पा बोलले. ते बोलले नाहीत असं पुढं लोक म्हणायचे, पण मी चार हातांवर होतो. ते म्हणाले, “चेअरमन, म्या तुमास्नी मत दिलेलं न्हाई.”

चेअरमन हसले. मागची माणसंही हसली. “आसंच म्हनावं लागतं, आप्पा,” ते म्हणाले. “वस्तीत ऱ्हायाचंय तुमाला. कळतंय आमाला.” आणि हलगी पुन्हा सुरू झाली.

आप्पा वस्तीपर्यंत तसेच चालत आले. गुलाल पुसला नाही. मी म्हणालो, पुसा तो. ते म्हणाले, “आता पुसला तर म्हनत्याल, लपवतोय.”

मास्तर त्याच संध्याकाळी ओसरीवर आले. मला वाटलं होतं धीर द्यायला आले. ते उभ्यानंच म्हणाले, “तुमच्या माणसानं घात केला.” मी म्हणालो, “मास्तर, तुमचे चार तपासलेत का?” ते म्हणाले, “माझे भावकीतले आहेत.” लोकशाहीवर तासभर बोलू शकणारा माणूस. त्याला पुरावा म्हणून भावकी पुरली.

वस्तीचा राग मला समजत होता आणि सोसवत नव्हता. कुणी आप्पांना तोंडावर काही बोललं नाही. त्यांच्याकडं भांडणं न्यायची मात्र थांबली. दोन बायकांचं पाण्यावरून वाजलं, त्या थेट ग्रामसेवकाकडं गेल्या. समितीच्या बैठकीत आप्पा बोलायला लागले की लोक चपला शोधायला लागायचे.

मी जे मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. ‘आप्पांनी मत मास्तरांनाच दिले, हे आम्ही जबाबदारीने सांगतो’ असं ठळक टायपात छापलं आणि स्वतः घरोघर वाटलं. गावातल्या चहाच्या टपरीवर एकानं ते मोठ्यानं वाचलं आणि कप खाली ठेवून विचारलं, “मतदान गुप्त हुतं नव्हं? मंग ह्याला कसं ठावं?”

दुसरा म्हणाला, “आप्पानं सांगितलं आसंल.”

“आप्पा तर सांगनारच.”

टपरी हसली. मी तिथं उभा होतो. मी पत्रकातच नव्हे, शपथेवर सांगितलं असतं तरी तेच झालं असतं. मत गुप्त असेल तर मला माहीत नाही, आणि मला माहीत असेल तर ते गुप्त नव्हतं.

आत्या म्हणाली, “तू आता कागद काढू नगंस. एक कागद काढला की त्यो मानूस दोन घरं लांब जातो.”

आप्पांना सगळ्यात मोठी शिक्षा चेअरमननी केली ती म्हणजे त्यांना कामावर ठेवलं. उसात पाणी द्यायचं काम काढून गोठ्याशेजारी सावलीतलं हलकं काम दिलं. चेअरमनची बायको त्यांना कपात चहा द्यायला लागली, आधी तो वेगळ्या पेल्यात असायचा. त्या दिवशी हाकलून दिलं असतं तर आप्पा सुटले असते. वस्तीनं त्यांना खांद्यावर घेतलं असतं. ते मला एकदा म्हणाले, “त्यानं मला काडावं म्हनून म्या एक दीस गेलोच न्हाई. दुसऱ्या दिशी मानूस पाठवला. म्हनला, आप्पा, तब्येत बरी हाय नव्हं?”

शेवटी आप्पांनीच काम सोडलं. साल पुरं व्हायच्या आत सोडलं, म्हणजे हातचं सगळं गेलं. रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेले, त्या वयात. मी समितीला म्हणालो, आता तरी बघा. एक तरुण, आमच्यातलाच, म्हणाला, “सोडलं म्हंजी गरज उरली नसंल.” मी त्याच्या अंगावर धावून गेलो. आप्पांनीच मला धरलं. त्यांच्या तळव्यांना खडीनं चिरा पडल्या होत्या, माझ्या सदऱ्याला ते खरखरीत लागलं.

मला विचारतात, गुप्त मतदान मागितलं ही चूक झाली का. नाही. मी अजून म्हणतो, नाही. चूक असेल तर ती ज्या गावात माणसाचं रान, पाणी आणि चूल दुसऱ्याच्या हातात आहे, त्या गावाची आहे. तिथं चिठ्ठी झाकली तरी माणूस उघडाच राहतो. हेही मी छापून टाकलं असतं, पण समितीनं तोवर पत्रकांसाठी वर्गणी काढायची थांबवली होती.

उन्हाळ्यात वस्तीची बैठक विहारात झाली. विहार म्हणजे तेव्हा एक पत्र्याची खोली होती, बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांची. विषय एकच. यापुढं आपला जो कुणी सदस्य असेल त्यानं गुप्त मतदान कधीही मागायचं नाही. हात वर करून, सगळ्यांना दिसेल असं मत द्यायचं. मालकाला भिऊन दिलं तरी चालेल, पण दिसलं पाहिजे. ज्याच्या अंगावर मी धावून गेलो होतो तो तरुणच हे मांडत होता, आणि त्याच्या बोलण्यात तर्क होता, हेच वाईट.

मी उभा राहिलो. म्हणालो, अहो, हा हक्क आहे, आपण तो आपल्या हातानं टाकून देतोय.

एक म्हातारा म्हणाला, “आमी काय टाकतोय? आमास्नी त्यो लाभला न्हाई. बस खाली, लेका. च्या पी.”

कुणीतरी म्हणालं, हात वर करा.

पहिला हात आप्पांचा गेला. कोपर सरळ, बोटं जुळलेली. मी त्यांच्याकडं बघत होतो आणि ते समोर बघत होते. मग बाकीचे गेले. विरोधात माझा एकट्याचा, आणि तो मोजला नाही, कारण मी त्या वस्तीचा नव्हतो.

पुढं आप्पांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागेवर चेअरमननी सुचवलेला माणूस बिनविरोध आला. गावानं त्याचं कौतुक केलं, भांडणतंटा झाला नाही म्हणून.

मी शेवटचा गेलो तेव्हा ग्रामसभा होती. देवळाच्या मंडपातच. आम्ही खाली, नेहमीच्या जागी. आप्पा माझ्या शेजारी, आत्या मागं बायकांत. वरून काहीतरी वाचलं गेलं. शाळेच्या पटांगणाचा विषय होता असं नंतर कळलं, तिथं सोसायटीचं खताचं गोदाम बांधायचं होतं. मग ग्रामसेवकाचा आवाज आला, विरोध असणाऱ्यांनी हात वर करा.

आप्पांनी हात वर केला. काय विषय आहे हे त्यांना ऐकू आलं नव्हतं, मलाही नव्हतं. ग्रामसेवकानं कडेपर्यंत नजर फिरवली, ठराव एकमतानं मंजूर असं म्हणाला आणि पान उलटलं. लोक पुढच्या विषयाला लागले. आप्पांचा हात तसाच होता.

आत्या मागून हळूच म्हणाली, “आप्पा, घ्या खाली आता. झालं त्यांचं.”

“बघू दे की,” आप्पा म्हणाले.

वर कुणीच बघत नव्हतं. आमच्या वस्तीतली माणसं मात्र वळून बघत होती, आणि बघून पुन्हा तोंड फिरवत होती.